मुंबईच्या घरासाठी कोणता ससा? रूप, स्वभाव आणि केसांची निगा

विचारणा अशी आहे: दादरला दोन खोल्यांचे घर, पती-पत्नी दोघेही नोकरीला, घरात दहा वर्षांची मुलगी आणि दिवसभर घरी असणाऱ्या आजी, एसी फक्त आतल्या खोलीत. मुलीला ससा हवा आहे आणि विक्रेत्याने अंगोरा, लायनहेड, हॉलंड लॉप व नेदरलँड ड्वार्फ ही चार नावे पुढे ठेवली आहेत. यांपैकी दिसायला कोणता कसा, स्वभावाने कोणता शांत आणि केसांची निगा कोणाची किती, असे विचारले आहे. पशुवैद्य म्हणून माझ्याकडे या चारही नावांचे ससे उपचाराला येतात. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की मुंबईत ससा निवडताना पहिला विचार अंगावरच्या केसांचा, दुसरा कवटीच्या ठेवणीचा आणि तिसरा स्वभावाचा करावा. स्वभावाला तिसरे स्थान देण्याचे कारण त्याचे महत्त्व कमी आहे असे नाही, तर स्वभाव घडवण्यात जातीपेक्षा वय, नसबंदी आणि हाताळणी यांचाच वाटा अधिक असतो, हे आहे.

केसांना पहिले स्थान देण्याचे कारण आपली हवा. सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. शरीरातली उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांतून आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. साधारण १५ ते २१ अंश सेल्सियस तापमानात तो सुखाने राहतो, तिशी ओलांडली की उष्माघाताचा धोका सुरू होतो. मुंबईत मे महिन्यात रात्रीचे किमान तापमानच २७ अंशांच्या आसपास असते, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उकाडा येतो, आणि हवेतल्या दमटपणामुळे श्वासावाटे होणारे बाष्पीभवनही मंदावते. पंख्याचा वारा घामेजलेल्या माणसाला जितका गार वाटतो तितका सशाला वाटत नाही, कारण त्याच्या अंगावर वाळण्याजोगा घामच नसतो. म्हणून थंड देशात शोभेचा ठरणारा दाट केस इथे जनावराला भार होतो आणि पाळणाऱ्याला रोजचे काम.

अंगोरापासून सुरुवात करतो, कारण या यादीत सर्वाधिक मागणी त्याला असते आणि सर्वाधिक तक्रारीही त्याच्याच येतात. इंग्लिश अंगोराचे वजन साधारण दोन ते साडेतीन किलो असते आणि कान, गाल, पाय यांवरही लोकर असल्यामुळे त्याचा चेहरा जवळजवळ झाकलेला दिसतो. फ्रेंच अंगोराच्या तोंडावर व पायांवर आखूड केस असतात, त्यामुळे त्याची निगा तुलनेने सोपी. लोकर महिन्याला दोन सेंटिमीटरहून अधिक वाढते आणि दर तीन महिन्यांनी उतरवावी लागते. आपल्याकडे लोकरीसाठी जर्मन अंगोरा पाळला जातो तो हिमाचल प्रदेशात. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे या कामाचे केंद्रही कुलू जिल्ह्यात गडसा येथे आहे. त्या डोंगराळ, थंड जागेची निवड सहज झालेली नाही.

स्वभावाने अंगोरा शांत असतो. लहानपणापासून विंचरून घेण्याची सवय लागल्यामुळे तो मांडीवर स्वस्थ बसतो, हेही खरे. पण ती सवय लावायची म्हणजे इंग्लिश अंगोराला निदान एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. तो न दिल्यास बगलेत, कानांमागे, हनुवटीखाली आणि शेपटीभोवती जटा होतात. त्या जटा कात्रीने कापायला जाणे फार धोक्याचे आहे, कारण सशाची कातडी अतिशय पातळ असते आणि जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर येते. कात्रीने कापल्यामुळे झालेल्या जखमा शिवायला येणाऱ्या सशांत बहुतेक लांब केसांचेच असतात. जट बोटांनी हळूहळू सोडवावी, नाहीतर लहान क्लिपरने कातडीला समांतर उतरवावी.

याहून गंभीर प्रश्न पोटाचा. ससा स्वतःला चाटून स्वच्छ करतो, तेव्हा सुटलेली लोकर पोटात जाते, आणि सशाला उलटी करता येत नाही. आहारात गवत कमी असेल तर आतड्यांची हालचाल मंदावते, लोकर आणि अन्न घट्ट होऊन बसते आणि ससा खाणे सोडतो. बारा तास न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा. उद्या सकाळी बघू, असे म्हणू नये. पावसाळ्यात मागच्या बाजूची लोकर मूत्राने ओली राहिली की माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊ शकतात. या सगळ्यामुळे मुंबईत अंगोरा पाळायचाच असेल, तर त्याची लोकर वर्षभर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कातरून ठेवावी, असा सल्ला मी देतो. तसे केल्यावर ज्या रूपासाठी तो आणला ते रूपच उरत नाही, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्यावे. शिवाय शहरात अंगोरा म्हणून विकले जाणारे बहुतेक ससे हे लांब केसांचे मिश्र ससे असतात: पाठीवर केस आखूड, कुशीला लांब, आणि वय वाढेल तसे विरळ. अशा सशाची निगा पुष्कळ सोपी असते, तेव्हा ही फसवणूक एका अर्थी पथ्यावरच पडते.

लायनहेड ही मूळची बेल्जियममधली जात. वजन पावणेदोन किलोच्या आत, अंग आखूड केसांचे आणि मानेभोवती सिंहासारखी आयाळ. ही आयाळ एका जनुकामुळे येते. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळाले तर आयाळ दाट होते व कुशीलाही लांब केस येतात. एकाकडूनच मिळाले तर आयाळ विरळ असते आणि पिल्लू मोठे होईल तशी बरेचदा जवळजवळ नाहीशी होते. दुकानातले दोन महिन्यांचे गोंडस पिल्लू वर्षभराने साध्या सशासारखे दिसू लागले म्हणून नाराज झालेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यात सशाचा दोष काहीच नसतो. निगेच्या दृष्टीने आठवड्यातून दोन-तीनदा आयाळ व कुशीचे केस विंचरावे आणि केस गळण्याच्या दिवसांत रोज. पाणी उथळ भांड्यातून पिताना आयाळ भिजून हनुवटीखालची कातडी लाल होते, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणून तिथला भाग रोज कोरडा आहे ना हे बोटांनी चाचपून पाहावे. स्वभाव चौकस आणि चपळ. माणसांत मिसळतो, पण धरून ठेवलेले त्याला आवडत नाही.

हॉलंड लॉप हा लोंबत्या कानांचा, गोल डोक्याचा, आखूड बांध्याचा ससा. नेदरलँड्समधील आद्रियान द कॉक यांनी मोठ्या फ्रेंच लॉपचा नेदरलँड ड्वार्फशी संकर करून १९५० च्या आसपास या जातीचे काम सुरू केले आणि १९६४ मध्ये तिला त्या देशात मान्यता मिळाली. प्रौढ वजन जास्तीत जास्त १.८ किलो. पिल्लांचे कान सुरुवातीला लोंबते नसतात आणि पुढच्या काही आठवड्यांत खाली येतात, त्यामुळे फार लहान पिल्लाच्या बाबतीत कान कसे पडतील हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. चौघांमध्ये हा सर्वांत समजूतदार. लहान मुलांचा गोंगाट सहन करतो, खोलीभर मागे मागे फिरतो. केस मध्यम लांबीचे, आठवड्यातून एक-दोन वेळा ब्रश पुरतो.

एवढे वाचून हाच घ्यावा असे वाटेल. पण इथे कवटीचा प्रश्न येतो. लोंबता कान मुळाशी दुमडलेला असल्यामुळे कानाची नळी तिथे अरुंद होते, मळ बाहेर येत नाही आणि दमट हवेत जंतुसंसर्ग होतो. तो आतल्या कानापर्यंत गेला की सशाची मान एका बाजूला वाकते आणि तोल जातो. उपचार महिनोन् महिने चालतात आणि मान पूर्ववत होईलच असे नाही. लोंबत्या कानांच्या सशांमध्ये कानांचे व दातांचे विकार उभ्या कानांच्या सशांपेक्षा अधिक आढळतात, हे ब्रिटनमध्ये झालेल्या पाहणीतही दिसून आले आहे. म्हणून लॉप पाळणाऱ्याने आठवड्यातून एकदा दोन्ही कान उचलून आत पाहावे व वास घ्यावा. कापसाची काडी मात्र आत घालू नये, तिने मळ आणखी आत सरकतो.

नेदरलँड ड्वार्फ दिसायला कायम पिल्लासारखा: गोल मुंडके, मोठे डोळे, जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचे कान आणि वजन सव्वा किलोच्या आत. केस आखूड, निगा सर्वांत कमी, आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की झाले. पण हा ससा बुजरा, तुरतुरीत आणि चटकन घाबरणारा आहे. आकार पाहून मुले त्याला खेळण्यासारखे उचलतात, तो मागच्या पायांनी जोरात झटका देतो, आणि त्या झटक्यात उंचावरून पडून किंवा नुसत्या पिळानेच त्याचा कणा मोडू शकतो. आखूड जबड्यामुळे वरचे आणि खालचे दात नीट जुळत नाहीत. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि एकमेकांवर घासूनच झिजतात, तेव्हा ते जुळले नाहीत तर दर महिना-दीड महिन्याने पशुवैद्याकडून कापून घ्यावे लागतात. दाढांची मुळे वर सरकून अश्रूंची नलिका दाबली गेली की डोळ्यांतून सतत पाणी येते आणि डोळ्यांखालचे केस झडतात. ‘टीकप’ या नावाने विकली जाणारी पिल्ले तर बहुधा ड्वार्फही नसतात. आईपासून फार लवकर तोडलेली साध्या सशाची पिल्ले असतात ती.

विक्रेत्याने न सुचवलेल्या काही जातींचाही विचार करावा. रेक्सचा केस जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, सगळा एकसारखा उभा आणि हाताला मखमलीसारखा लागतो; मिशाही किंचित कुरळ्या असतात. ही जात १९१९ मध्ये फ्रान्समध्ये आढळलेल्या सशांपासून पुढे आली. मिनी रेक्स दोन किलोच्या आत असतो, स्वभावाने स्थिर आणि खेळकर. त्याला तारेचा ब्रश लावू नये, ओलसर हात फिरवून सुटे केस काढले तरी पुरते. अडचण पायांची आहे. सशाच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, केसच तळव्याचे रक्षण करतात, आणि रेक्सच्या तळव्यांवरचे केस विरळ असतात. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत, कडक लाद्यांवर त्याच्या टाचांना फोड येतात. घरभर नाही तरी त्याच्या वावरण्याच्या जागेत सुती सतरंजी किंवा जाड गोधडी अंथरण्याची तयारी असेल, तर रेक्स मुंबईला चांगला मानवतो.

डच हा पांढरा पट्टा आणि काळे-पांढरे अंग असलेला सुमारे दोन किलोचा ससा, आखूड केसांचा आणि मनमिळाऊ; त्याच्याबद्दल फार तक्रारी ऐकू येत नाहीत. हिमालयन या जातीचे अंग पांढरे आणि नाक, कान, पाय व शेपूट गडद असते. त्याचा रंग तापमानावर ठरतो: रंगद्रव्य तयार करणारे विकर (एन्झाइम) शरीराच्या थंड भागांतच काम करते. त्यामुळे मुंबईच्या उन्हाळ्यात हे भाग फिके पडतात, तो आजार नव्हे. स्वभावाने ही जात फार सौम्य. फ्लेमिश जायंट सहा किलोंच्या पुढे जातो, शांत असतो, पण उष्णता त्याला सर्वांत कमी सोसते आणि दोन खोल्यांच्या घरात त्याला पाय पसरायला जागा नाही. त्याचा विचार सोडून द्यावा.

आता ज्याला कोणी जात म्हणून मोजत नाही त्याविषयी. क्रॉफर्ड मार्केटात किंवा उपनगरांतल्या दुकानांत स्वस्तात मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा हा बहुधा न्यूझीलंड व्हाइटच्या मिश्र वंशातला असतो. नावात न्यूझीलंड असले तरी ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार झाली, मांसासाठी आणि पुढे प्रयोगशाळांसाठी. या कामांकरिता पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती न घाबरणाऱ्या, हाताळू देणाऱ्या सशांची, आणि त्याचा फायदा आज घरी पाळणाऱ्याला मिळतो. उभे कान, लांब व सरळ जबडा, आखूड केस. म्हणजे वर सांगितलेले तिन्ही प्रश्न इथे जवळजवळ नाहीत. शुद्ध जातीचा ससा चार ते पाच किलोंचा होतो, आपल्याकडचा मिश्र ससा बहुधा अडीच-तीन किलोंवर थांबतो. डोळ्यांत रंगद्रव्य नसल्यामुळे त्याला प्रखर प्रकाश सहन होत नाही आणि अंतराचा अंदाज घेण्यासाठी तो कधी कधी डोके डावी-उजवीकडे हलवतो. हे मेंदूच्या विकाराचे लक्षण समजून पालक घाबरतात, पण ते स्वाभाविक आहे. लाल डोळ्यांबद्दल लोकांच्या मनात अढी असते. तिला माझ्या लेखी काही आधार नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो. कोणी तपकिरी रानससा आणून देऊ लागला तर घेऊ नये. तो वेगळा प्राणी आहे, बंदिवासात सहसा जगत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे.

स्वभावाबद्दल जे जातीनिहाय लिहिले ते कल सांगणारे आहे, हमी देणारे नाही. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वयात आलेला कोणत्याही जातीचा नर मूत्राचे फवारे मारतो, पायांभोवती घिरट्या घालतो. मादी आपला कोपरा राखायला लागते आणि चावतेही. या वयातच मुंबईतले बरेच ससे कोणाच्या तरी सोसायटीच्या बागेत नेऊन सोडले जातात, जिथे ते मांजरांच्या आणि घारींच्या तोंडी पडतात. नसबंदीनंतर काही आठवड्यांत हा आक्रमकपणा बहुतांशी ओसरतो. मादीच्या बाबतीत तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवणारी आहे, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वयाच्या चौथ्या वर्षानंतर गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. आज दहा वर्षांची असलेली मुलगी तोवर महाविद्यालयात असेल, हे मोठ्यांनी धरून चालावे. उचलून कुशीत घेणे बहुतेक सशांना आवडत नाही. मुलीने जमिनीवर बसावे, हातात कोथिंबिरीची काडी धरावी आणि सशाला स्वतःहून येऊ द्यावे. आजींना वाकावे लागणार नाही अशी बसण्याची जागा त्याच्या वावराशेजारी केली, तर दुपारची सोबत त्यांचीच होईल.

केसांच्या निगेचे काही नियम सर्व जातींना सारखे आहेत. ससा वर्षातून अनेकदा केस गाळतो, त्यांपैकी दोन वेळा भरपूर; एसीच्या खोलीत राहणाऱ्या सशाचे हे वेळापत्रक बिघडते आणि केस थोडे थोडे बाराही महिने गळतात. त्या दिवसांत आखूड केसांच्या सशालाही रोज ब्रश करावा. सशाला आंघोळ कधीही घालू नये: भिजलेला ससा भीतीने धडपडून पाठ मोडून घेतो, अंग लवकर वाळत नाही आणि कातडीला बुरशी धरते. मागचा भाग घाण झाला असेल तर तेवढाच कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. नखे चार ते सहा आठवड्यांनी कापावी. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारे फिप्रोनिल असलेले थेंब सशाला विषारी ठरतात, ते घरात असले तरी वापरू नयेत. मानेवर कोंडा दिसला आणि तो हलतो आहे असे वाटले, तर ते सूक्ष्म किडे असतात; त्यांचे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे.

आणि ब्रशाइतकेच केसांसाठी महत्त्वाचे आहे गवत, कारण गिळलेले केस आतड्यांतून पुढे ढकलण्याचे काम तंतूच करतात. आहाराचा चार पंचमांशाहून अधिक भाग वाळलेले गवत असावे. परदेशी टिमोथी गवत महाग पडते; गणपतीच्या दिवसांत दादरच्या बाजारात भरपूर मिळणाऱ्या दूर्वा धुऊन, कोरड्या करून दिल्या तर ससा आवडीने खातो, पण त्या वाळल्या गवताला जोड म्हणून. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्यामुळे तो प्रौढ सशाला रोज देऊ नये. पावसाळ्यात गवताला बुरसट वास आला तर सगळी पिशवी टाकून द्यावी.

विचारणाऱ्या कुटुंबाला माझा सल्ला असा: चार नावांपैकीच निवडायचे असेल तर हॉलंड लॉप घ्यावा, कान आणि दात यांची सहा महिन्यांनी तपासणी करण्याची तयारी ठेवून. नावाचा आग्रह नसेल तर आखूड केसांचा, उभ्या कानांचा, नसबंदी झालेला प्रौढ मिश्र ससा दत्तक घेणे अधिक चांगले. त्याचा स्वभाव घडून गेलेला असतो आणि तो आहे तसा डोळ्यांसमोर दिसतो, पिल्लाच्या बाबतीत तो अंदाजाचा विषय असतो. आणण्यापूर्वी ससे हाताळणारा पशुवैद्य जवळपास कुठे आहे याची चौकशी करून ठेवावी, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सशांना भूल देत नाहीत. ससा पाहायला जाल तेव्हा वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे आहेत ना, शेपटीखाली केस कोरडे व स्वच्छ आहेत ना, कानांत खपल्या नाहीत ना, हे पाहावे. मग पुढच्या पंजांची आतली बाजू पाहावी. तिथले केस चिकट, गुठळ्या झालेले असतील तर ससा वाहते नाक पंजांनी पुसत असतो. असा ससा इतर सशांबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवलेला असेल, तर त्या पिंजऱ्यातला कोणताही ससा घेऊ नये.